व्हील नट आवळायला गन की टॉर्क पाना?

गाळपाच्या हंगामात सांगलीकडच्या पंक्चरवाल्याकडे उसाचा ट्रक थांबला की एअर गन सुरू होते. दहा नट दोन-तीन मिनिटांत बसतात. वेगात गनला तोड नाही, पण ताण किती बसला हे तिला कळत नाही. हवेचा दाब कमी असेल तर नट ढिला राहतो. जास्त वेळ ट्रिगर दाबला तर स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि मग तो पकड धरत नाही. जास्त आवळलेला नटही तितकाच घातक, हे बऱ्याच ड्रायव्हरना पटत नाही.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना, महाग आणि हळू. एम22, म्हणजे 22 मिलिमीटर जाडीच्या स्टडला साधारण 600 न्यूटन-मीटर इतका पिळण्याचा जोर लागतो (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा), म्हणजे लांब दांडा आणि दणकट माणूस हवा. क्लिक वाजली की थांबायचं. वर पाइप घालून उड्या मारायच्या नाहीत.

आमचं मत: गनने नुसते टेकवा, शेवटचा ताण पान्यानेच, समोरासमोरच्या क्रमाने. त्याआधी ड्रम आणि चाकाच्या डिस्कवरचा गंज, चिखल, जाड रंग तारेच्या ब्रशने खरवडा. मागच्या जोडचाकांत दोन डिस्कमध्ये अडकलेला रंगाचा पापुद्रा दबतो आणि ताण उतरतो. म्हणून 80 ते 160 किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी, शक्यतो खंबाटकी घाट चढण्याआधी. नटाखालून गंजाचे ओघळ दिसले तर नुसतं आवळून भागत नाही, चाक उतरवून डिस्कची भोकं बघावी लागतात.