सव्वा सेंटिमीटरचे ६४ हजार

वय ४८, कापडाच्या दुकानात दिवसभर उभा. तीन वर्षं कंबर धरलेली. एमआरआयच्या रिपोर्टात एल४-एल५ आणि एल५-एस१ला, म्हणजे कंबरेच्या तळाच्या दोन जागी, डिस्क डेसिकेशन (मणक्यांमधली गादी वाळलेली), थोडा बल्ज (गादी जराशी बाहेर आलेली). एका नातेवाइकाने मशीनवाला दवाखाना सुचवला. बाहेर पाटी : 'ऑपरेशनशिवाय गादी जागेवर'.

तिथल्या गृहस्थांनी फिल्म उजेडात धरली. "गादी वाळलीय, मणक्यात गॅप आलाय. वर्षभरात पाय जातील." बायको शेजारीच होती. तिचा चेहरा बघूनच त्यांनी भाव ठरवला असावा.

२० सिटिंग, ६४ हजार, तेही आजच ठरवलं तर. एवढे नाहीत म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने माझाच मोबाइल मागितला, ओटीपी विचारला आणि १२ हप्त्यांचं कर्ज माझ्या नावावर! पावतीवर नुसतं 'वेलनेस पॅकेज'. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. मीही तेव्हा बघितलं नाही.

मशीन म्हणजे छाती-कंबर पट्ट्यांनी बांधून ताणणारं टेबल. उठल्यावर तासभर हलकं वाटायचं, हे खोटं नाही.

खरी मेख उंचीत होती. पहिल्या दिवशी दुकान बंद करून गेलो तेव्हा मोजली, १६७.८. शेवटचं सिटिंग मुद्दाम रविवारी सकाळी ८ला दिलं, तेव्हा १६९. "बघा, गादी फुलली!" मी इतका खूश की दोन ओळखीच्यांनाही तिकडे धाडलं. त्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

तीन आठवड्यांत दुखणं होतं तिथेच. मग सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी पायाची ताकद आणि संवेदना तपासल्या, लघवीचं विचारलं, फिल्म शेवटी बघितली. म्हणाले, गादीत पाणी असतं. दिवसभराच्या भाराने ते दबतं, रात्री आडवं झालं की परत भरतं, म्हणून सकाळी सगळेच सेंटिमीटरभर उंच असतात. घरी चौकटीवर पेन्सिलने खुणा केल्या. कंबर कधीच न दुखलेल्या माझ्या मुलीचीही सकाळची खूण वर! आणि पन्नाशीत, काहीही न दुखणाऱ्या १०० जणांतल्या सुमारे ८० जणांच्या एमआरआयमध्ये अशी झिजलेली गादी दिसतेच. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६च्या सूचनांत तर कंबरदुखीला ट्रॅक्शन, म्हणजे असं ताणणं, देऊ नये असं सरळ लिहिलंय.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी या, एरवी चालत राहा, एवढंच त्या डॉक्टरांनी बजावलं. सहा आठवडे फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि ४० मिनिटं चालणं सुरू आहे. दुखणं गेलं म्हणणार नाही, पण निम्म्यावर आलंय.

पैसे परत मागितले तर मशीनवाल्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढे केला, 'परतावा नाही'. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. ९ हप्ते बाकी आहेत. त्या दोन ओळखीच्यांपैकी एकाची ६ सिटिंग अजून उरलीत. त्याला घरी सकाळ-संध्याकाळ उंची मोजायला सांगितलंय.