पंधरा वर्षांसाठी घेतलेली बलेनो: सांगलीत २० महिने, २४ हजार किलोमीटर

आमची आधीची गाडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. ओसरल्यावर बघितलं तर गाडी जागेवरच होती, सीटवर बोटभर गाळ. तेवढ्यावर निभावलं असतं. पण ओळखीच्या एका मेस्त्रीने "चालू होतेय का बघू तरी" म्हणून किल्ली फिरवली, आतून टक् असा एकच आवाज आला आणि इंजिन बसलं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर जाऊन आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे त्या दिवशी कळलं. विमा होता. पण पुराने झालेलं नुकसान वेगळं आणि पाणी शिरल्यावर इंजिन फिरवल्याने झालेलं नुकसान वेगळं, हेही तेव्हाच कळलं. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर आम्ही घेतलेलं नव्हतं. गाडी भंगारात घातली.

त्यानंतरची साडेचार वर्षं मोटारसायकल आणि एसटीवर काढली. म्हणून २०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, मारुतीची बलेनो दारात आली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: आता परत परत गाडी घेणं नाही. ही पंधरा वर्षं वापरायची. एमएच १० चं पासिंग २०३९ पर्यंत आहे, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. तेव्हा मुलगी सत्तावीस वर्षांची असेल. पुढे जे लिहितोय ते या हिशोबाने वाचा. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला यातल्या बऱ्याच गोष्टी लागू होणार नाहीत.

मॉडेल: बलेनो झीटा, पेट्रोल, मॅन्युअल, निळा रंग. आजचं रीडिंग २३,८०० च्या वर. आठवड्यातून तीन दिवस सांगली ते तासगाव जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्यातून एकदा कोल्हापूर, वर्षातून तीन-चार वेळा पुणे, आणि वडिलांसाठी मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या.

निवड कशी केली ते आधी सांगतो, कारण त्यातच खरा वेळ गेला.

माझ्या मनातल्या दोन गाड्या तर बाजारातूनच गेल्या होत्या. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, जॅझ २०२३ मध्ये. राहिल्या स्विफ्ट, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ, ग्लांझा आणि बलेनो. सगळीकडे आण्णांना, म्हणजे वडिलांना, बरोबर घेऊन गेलो. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. गाडीत बसताना ते आधी पाठ करून सीटवर टेकतात, मग एका हाताने दाराची कड धरून एकेक पाय आत घेतात. शोरूममधला मुलगा टचस्क्रीन दाखवत होता तेव्हा मी आण्णांच्या पायाकडे बघत होतो. पाय उंबऱ्याला अडतो का, डोकं छताला लागतं का, दार पुरेसं उघडतं का. या परीक्षेत अल्ट्रोझ पहिली आली, हे मान्य करतो. तिची दारं जवळजवळ नव्वद अंशात उघडतात आणि डिकीही ३४५ लिटरची. शिवाय ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीचे पाच स्टार तिला २०२० च्या जानेवारीतच मिळाले होते. दिसायला मला आय-ट्वेंटी सगळ्यांत आवडली, आजही रस्त्यात दिसली की मान वळते.

मग बलेनोच का? इंजिनासाठी. ११९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. तीन सिलिंडरची इंजिनं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण चार सिलिंडरचा तोल मुळातच चांगला असतो, थरथर कमी, आणि टर्बो नसला की तापणारा, झिजणारा एक भाग कमी. पंधरा वर्षांच्या गाडीत जो भाग नाही तो कधी बिघडत नाही. नवी स्विफ्ट आमच्या खरेदीनंतर महिन्याभरात आली, तीही अल्ट्रोझसारखी तीन सिलिंडरचीच, आणि तिची डिकी २६५ लिटरची. बलेनोची ३१८. ग्लांझा म्हणजे यंत्राने बलेनोच, टोयोटाच्या नावाखाली, आणि तिच्यावर तेव्हा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी होती. तिच्यावर आम्ही आठवडाभर अडलो होतो. शेवटी आमच्या चौकातल्या गॅरेजवाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "बलेनो २०१५ पासून रस्त्यावर आहे. तुझी गाडी दहा वर्षांची झाली की तू माझ्याकडेच येणार. तेव्हा पार्ट मला सांगलीत त्याच दिवशी मिळाला पाहिजे." यावर मी पुढे काही बोललो नाही.

सुरक्षेबद्दल मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. आम्ही घेतली तेव्हा बलेनोचा भारत एनकॅपचा निकाल आलेला नव्हता. तो २०२५ मध्ये आला: मोठ्यांसाठी चार स्टार, मुलांसाठी तीन. सहा एअरबॅग झीटामध्ये तेव्हाही होत्या, म्हणून खालचं व्हेरिएंट घेतलं नव्हतं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी तो 'तीन'चा आकडा नजरेआड करू नये. माझी मुलगी बारा वर्षांची होती. चार वर्षांची असती तर कदाचित मी वेगळा निर्णय घेतला असता.

एका डीलरकडे मनस्ताप झाला. निळी गाडी लगेच देतो म्हणाले, बुकिंगचे पैसेही घेतले. चॅसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना काढायला लावला तर गाडी २०२३ च्या डिसेंबरातली निघाली. किंमत पूर्ण. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघितले, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तेही २०२३ चेच. पुढे गाडी विकताना किंमत या वर्षावरूनच ठरते. दोन आठवडे पाठपुरावा करून पैसे परत घेतले आणि दुसरीकडे २०२४ ची गाडी बुक केली. पूर्ण पैसे भरायच्या आधी उजेडात गाडी बघा, महिना बघा, टायर बघा. पासिंग झाल्यावर काही हातात राहत नाही. ऑन-रोड खर्च दहा लाखांना थोडा कमी. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, तो धरून.

आता चालवण्याचा अनुभव. गावात ही गाडी हलकी आहे. स्टेशन रोड, मारुती रोड, संध्याकाळची गणपती पेठ, कुठेही स्टिअरिंग एका हाताने फिरतं. क्लच इतका मऊ की मिरजेच्या गर्दीत अर्धा तास अडकूनही पाय भरून येत नाही. हायवेवर पेठ नाक्यापासून पुढे ती शंभरच्या आसपास खूप निवांत असते. एसी लावून, पाच माणसं घेऊन खंबाटकी चढताना मात्र तिसऱ्या गिअरवर यावंच लागतं. ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, आहे, त्यातून जास्त मागू नये. मला ओव्हरटेकची घाई नाही, म्हणून चालतं.

ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असं मोजतो. गावात १५ ते १६, तासगाव रोडला १९, पुण्याला जाताना २१. कंपनीचा आकडा २२.३५ चा आहे. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज नेहमी एखाद्या किलोमीटरने जास्त असतं, त्यावर जाऊ नका. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यापासून माझ्या वहीत लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर कमी झालेला दिसतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे हे होणारच. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं मला जमणार नाही. गाडी या इंधनासाठी बनलेली आहे एवढं घेताना तपासलं होतं. २०२३ च्या आधीची जुनी हॅचबॅक घेणाऱ्याने हे जरूर विचारावं.

उसावरून सर्वांत महत्त्वाचं. नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणं हे वेगळंच काम आहे. बुधगाव सोडून कवलापूरकडे निघालं की पुढे अंधारात एकदम भिंत उभी राहते. ती उसाची ट्रॉली असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, वरून वाढं लोंबतंय. गेल्या जानेवारीत समोरच्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपले आणि ट्रॉली दिसली तेव्हा मध्ये पंधरा-वीस मीटर उरले होते. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची, धडधड जाणवली, गाडी सरळ रेषेत थांबली. काचेसमोर हातभर अंतरावर उसाची कापलेली टोकं. मुलगी मागे झोपली होती, बेल्ट लावलेला होता म्हणून जागेवरच राहिली. तेव्हापासून रात्री या रस्त्यावर साठच्या वर जात नाही आणि काच आतूनही रोज पुसतो, कारण आतल्या धुरकटपणाने समोरचा दिवा दुप्पट पसरतो. ट्रॅक्टरवाल्यांनो, एक लाल रेडियमची पट्टी लावा. कुणाचं तरी घर वाचेल.

ऊसतोड झाली की दुसरा त्रास उंदरांचा. शेत मोकळं झालं की ते उबेला बॉनेटखाली येतात. पहिल्या हिवाळ्यात एअर फिल्टरच्या डब्याशेजारी पाचटाचं घरटं सापडलं आणि एका वायरीचं वेष्टण कुरतडलेलं. मामांनी टेप गुंडाळून दिली, वायर तुटली नव्हती. आता तंबाखूच्या पानांच्या दोन पुरचुंड्या बांधून ठेवल्यात, दर महिन्याला बदलतो, आणि गाडी दोन दिवस उभी असली की सुरू करण्याआधी बॉनेट उघडून टॉर्च मारतो. या हंगामात अजून काही सापडलेलं नाही.

मागची सीट रुंद आहे, पण मधल्या माणसाला लांबच्या प्रवासात खरी सोय नाही. चार माणसांची गाडी समजा. मागे एसीचे झरोके आहेत, मे महिन्यात दुपारी मिरजेहून येताना आण्णा ते स्वतःकडे वळवून घेतात आणि डोळे मिटतात. डिकी खोल आहे, पण तिचं तोंड उंचावर असल्यामुळे बेदाण्याचा १५ किलोचा बॉक्स आधी कमरेपर्यंत उचलून मग आत उतरवावा लागतो. सहा बॉक्स ठेवले की माझी पाठ बोलते. भरलेली गाडी गावच्या बेकायदा स्पीडब्रेकरवरून तिरकी घेतो, पोटाला अजून लागलेलं नाही.

देखभालीचं थोडक्यात. एक, पाच आणि दहा हजारांच्या सर्व्हिसला मजुरी मोफत, दहा हजारांला तेल-फिल्टरचे तीन हजारांच्या आसपास झाले, वीस हजारांला सहा हजार. एका वर्कशॉपमध्ये इंजिन फ्लश आणि कसलंसं कोटिंग न विचारता जॉबकार्डवर लिहिलं होतं. मी मालकाचं पुस्तक उघडून दाखवलं, त्यात ते कुठेच नाही, आणि ते काढायला लावलं. सही करण्याआधी जॉबकार्ड वाचा. अलाइनमेंट दर पाच हजाराला. टायर १९५/५५ आर १६ आहेत, दिसायला देखणे, पण बाजूची उंची कमी असल्याने खड्ड्याचा दणका रिमपर्यंत जातो. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना.

आणि देखणेपणाचंही सांगतो, कारण लोक त्याला चैन समजतात. पंधरा वर्षं रोज सकाळी जिच्याकडे बघायचं ती आवडायला हवी. आवडली तर माणूस धुतो, पुसतो, ओरखडा वेळेवर भरतो. रविवारी ही गाडी धुवायला मला कुणी सांगावं लागत नाही. ओल्या निळ्या बॉनेटवर समोरच्या शेवग्याची सावली पडते तेव्हा बादली खाली ठेवून दोन मिनिटं बघत उभा राहतो.

पावसाळ्याचा आमचा नियम ठरलाय. आयर्विनला पातळी तीस फुटांवर गेली की गाडी विश्रामबागला मेहुण्यांच्या दारात नेऊन ठेवायची, चाळीसच्या इशाऱ्याची वाट बघायची नाही. दोन्ही पावसाळ्यांत नेऊन ठेवली. किल्ली मेहुण्यांकडे देताना एकच सांगणं असतं: चाकं बुडाली तर हात लावू नका, टो करून न्या. आणि दर एप्रिलला विम्याचा कागद आला की सगळ्यांत आधी इंजिन प्रोटेक्शनची ओळ शोधतो. यंदा एजंटने हप्ता कमी दाखवण्यासाठी ती गाळली होती, परत घालून घेतली.

पेट्रोलच्या नोंदीची वही ग्लोव्हबॉक्समध्ये असते. ती आता मुलगी लिहिते. गेल्या रविवारची तिची ओळ: "२३,८१२. पेट्रोल २९.४ लिटर. तासगावचा गणपती, आण्णा पुढे बसले, स्वतः उतरले."