नाशिकमध्ये सॉफ्ट कोरल : तिन्ही ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

गंगापूर रोडवरील आमच्या घरात दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा न बांधणारी मऊ प्रवाळे), क्लाउनफिशची एक जोडी आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी एवढाच परिवार आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू या टँकने काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, समुद्रापासून घाट ओलांडून आत असलेल्या आपल्या शहरातही सॉफ्ट कोरल उत्तम जगतात आणि वाढतात. फक्त खर्चाचा क्रम दुकानात सांगतात त्याच्या उलटा ठेवावा लागतो. दुकानात आधी दिवा दाखवला जातो, मग स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील घाण काढणारे यंत्र), आणि पाण्याचा विषय बिल होताना निघतो. पैसे आधी पाण्यावर, मग तापमानावर, त्यानंतर योग्य जातींवर आणि सर्वांत शेवटी दिव्यावर खर्च करावेत, असे मी आता कोणालाही सांगेन.

पाण्यापासून सुरुवात करतो. नाशिकला गंगापूर धरणाचे पाणी मिळते. पिण्यासाठी ते चांगले असले तरी त्यात क्लोरीन असते, पहिल्या मोठ्या पावसानंतर ते गढूळ येते आणि अनेक सोसायट्यांच्या टाकीत त्यात बोअरवेलचे जड पाणी मिसळलेले असते. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी वापरावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो कोरलच्या बाबतीत उपयोगाचा नाही, कारण घरगुती यंत्रातील टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी मुद्दाम परत मिसळतो. टँकसाठी आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असलेले वेगळे युनिट हवे आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसला पाहिजे. आमच्याकडे जुलैमध्ये गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर इतक्या लवकर चॉकलेटी होतो की उन्हाळ्यात महिनोन्महिने चालणारा नग पावसाळ्यात लवकर बदलावा लागतो. आरओमधून वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो, त्यामुळे घरातील तक्रार बरीच कमी झाली.

मीठ तयार सॉल्ट मिक्सच घ्यावे. मिठागरातील जाडे मीठ चालेल का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ते चालत नाही, कारण समुद्राचे पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते आणि हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. दर आठवड्याला टँकच्या दहा टक्के, म्हणजे पंधरा लिटर पाणी बदलायचे झाल्यास लिटरला सुमारे ३८ ग्रॅम या हिशेबाने महिन्याला साधारण सव्वादोन ते अडीच किलो मिश्रण लागते. क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवतो. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो बरोबर आहे असे समजू नये. ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण टाकूनच त्याची तपासणी करावी. पावसाळ्यात सॉल्ट मिक्सची पिशवी उघडी राहिली, तर हवेतील ओलावा शोषून मिश्रणाची ढेकळे होतात आणि वजनाचा हिशेब चुकतो, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे.

तापमानाबाबत नाशिकचे हवामान वाटते तितके प्रतिकूल नाही, आणि हा मुद्दा थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. सॉफ्ट कोरलना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाणी थंड करणारा चिलर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही असे मलाही सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या दिवसांत आपली हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावलेले दोन छोटे पंखे बाष्पीभवन एवढे वाढवतात की पाणी खोलीतील हवेपेक्षा तीन-चार अंश थंड राहते. अगदी वाईट दुपारी ते २८ अंशांच्या थोडे वर गेले, तरी कोरलनी ते सहन केले. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत याच पंख्यांचा परिणाम बराच कमी होतो, त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून इथला निर्णय घेऊ नये. आपल्याकडे हवा दमट होते ती पावसाळ्यात, पण तेव्हा उकाडाच नसतो. पंख्यांच्या या थंडाव्याची किंमत मोजावी लागते ती वेगळ्या रूपाने. पंखे चालू असताना रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते, म्हणून रोज गोडे आरओ-डीआय पाणी भरावे लागते. एखादा दिवस ते राहिले की क्षारता चढते आणि सगळ्यात आधी झेनिया हे नाजूक सॉफ्ट कोरल आक्रसून ते सांगते.

हिवाळ्यात प्रश्न उलटा होतो. रात्रीचे तापमान दहा अंशांखाली जाते आणि हीटर जवळजवळ अखंड चालतो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर आणि त्यांच्यावर वेगळा तापमान-नियंत्रक अशी रचना मला सुरक्षित वाटते, कारण एकटा मोठा हीटर चालू अवस्थेत अडकला तर सकाळपर्यंत टँक शिजतो. थंडीत खिडक्या बंद असल्याने खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.९ पर्यंत उतरतो. त्यावर औषध ओतण्याचा मोह टाळावा. सकाळी खिडकी उघडली की तो आपोआप वर येतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त पाण्यात प्रवाह निर्माण करणारा वेव्हमेकर ठेवला आहे. पाणी हलते राहिले की ऑक्सिजनची चिंता राहत नाही.

आता निवडीकडे वळतो. खरेदीपूर्वी कायदा माहीत असणे आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सर्व समुद्रपंखे येतात. दुकानात ती दिसली तरी घेऊ नयेत. ऑर्गन पाइपबाबत विशेष सावध राहावे, कारण त्याचे पॉलिप, म्हणजे फुलासारखे दिसणारे छोटे जीव, उघडलेले असताना ते ग्रीन स्टार पॉलिप या सॉफ्ट कोरलच्या जवळचे वाटू शकते. खालचा सांगाडा लालभडक नळ्यांचा असेल तर ते ऑर्गन पाइप होय. या कायद्यामुळेच मी टँकमध्ये मृत प्रवाळाचे दगड न टाकता सिरॅमिकचे दगड वापरले. जे काही घ्याल त्याचे बिल घ्या आणि शक्यतो कोणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला फ्रॅग, म्हणजे कापलेला छोटा तुकडा, घ्या. तो बंदिस्त पाण्याला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी समुद्रात कोणी हात घातलेला नसतो.

माझ्या टँकमधील सर्वांत समाधानकारक कोरल म्हणजे सार्कोफायटन, ज्याला सगळे टोडस्टूल म्हणतात. जाड देठ, वर पसरट टोपी आणि टोपीभर डुलणारे पॉलिप. भिंग घेऊन पाहिले तर प्रत्येक पॉलिपला आठ स्पर्शिका आणि प्रत्येक स्पर्शिकेला पिसासारख्या कडा दिसतात. खऱ्या सॉफ्ट कोरलची ही खूण आहे. नवख्या माणसाला हे कोरल एकदा तरी घाबरवतेच. एखाद्या सकाळी सगळे पॉलिप आत जातात, टोपी सुरकुतते, तिच्यावर मेणासारखी चकाकी येते आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, काहीच हालचाल होत नाही. ते मेलेले नसते, कात टाकत असते. अंगावर बसलेले शेवाळ आणि घाण काढून टाकण्याची ही त्याची पद्धत आहे. या काळात वेव्हमेकरचा प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवला की तो पातळ पापुद्रा कडेने सुटू लागतो, पाण्यात फडफडतो आणि एक-दोन दिवसांत निघून जातो; खालून आलेली टोपी पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि किंचित मोठी असते. वास मात्र तपासावा. कात टाकणाऱ्या कोरलला दुर्गंधी येत नाही. देठ मऊ पडून तपकिरी होत असेल आणि वास येत असेल, तर तो सडका भाग धारदार ब्लेडने लगेच कापून टाकावा.

सिन्युलेरिया, म्हणजे बोटांसारख्या फांद्यांचे लेदर कोरल, तितकेच काटक आहे आणि त्याच्याबद्दल तक्रार करण्यासारखे मला काही आढळले नाही. डिस्कोसोमा मशरूम, म्हणजे चकतीसारखी कोरल, कमी उजेडात, तळाशी, जवळजवळ दुर्लक्षात वाढतात. ग्रीन स्टार पॉलिप सुंदर आहे, पण त्याची जांभळी चटई समोर येईल त्या दगडावर चढते, म्हणून ते वाळूने वेढलेल्या वेगळ्या दगडावर किंवा मागच्या काचेवरच लावावे.

झेनियाविषयी माझे मत संमिश्र आहे. त्याचे हात अखंड उघडमिट करतात आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा तिथेच खिळतो. इस्रायली संशोधकांनी तांबड्या समुद्रातील हेटेरोझेनियावर (झेनियाच्या जवळच्या कोरलवर) केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या हालचालीने पॉलिपभोवती साचलेला ऑक्सिजन दूर ढकलला जातो आणि आतील सूक्ष्म शैवालाचे प्रकाशसंश्लेषण वाढते, असे त्यात दिसले. माहिती रंजक आहे, पण पहिले कोरल म्हणून मी झेनिया सुचवणार नाही. ते एक तर तणासारखे पसरते किंवा, क्षारतेत थोडा चढउतार झाला की, दोन दिवसांत विरघळून जाते.

दोन गोष्टी मुळीच घेऊ नयेत. पहिली म्हणजे लाल-केशरी, फुलकोबीसारखी दिसणारी डेंड्रोनेफ्थिया. तिच्या शरीरात प्रकाशावर अन्न तयार करणारे शैवाल नसते. तिला सतत तरंगते सूक्ष्म अन्न लागते आणि घरच्या टँकमध्ये ती हळूहळू उपाशी मरते. दुसरी म्हणजे रंगवलेली कोरल. मुंबईतील एका दुकानात मला चटक पिवळे आणि गुलाबी टोडस्टूल ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावात देऊ केले होते. देठापासून टोपीपर्यंत एकसारखा, सपाट रंग आणि आत ओढलेले पॉलिप दिसले की कोरल रंगवलेले आहे असा संशय घ्यावा.

झोआंथिड हे काटेकोरपणे सॉफ्ट कोरल नाहीत, पण बाजारात त्यांच्याच शेजारी मिळतात. त्यांच्यातील पॅलिथोआसारख्या जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते, जे १९७१ मध्ये हवाई बेटांवरील पॅलिथोआपासून प्रथम वेगळे करण्यात आले. हातमोजे आणि चष्म्याशिवाय ते कापू नयेत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये किंवा ब्रशने घासू नये, कारण वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाऊ शकते. आमच्या घरी वहिनींची लहान मुले सारखी येत असतात, त्यामुळे झोआंथिड मी ठेवलेलेच नाहीत.

टोडस्टूल, सिन्युलेरिया अशी वेगवेगळी लेदर कोरल एका टँकमध्ये ठेवली की ती पाण्यात टर्पिनसारखी रसायने सोडून एकमेकांची वाढ रोखतात. त्यामुळे दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवावे आणि ही रसायने शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू ठेवून महिन्याला बदलावा. घरातील डास मारण्याचे द्रव यंत्र टँकच्या खोलीतून हलवणे हेही तितकेच गरजेचे आहे. त्यातील पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माशांना आणि अपृष्ठवंशी जीवांना घातक असते.

पाणी फार निर्मळ करण्याच्या नादाला लागू नये. नायट्रेट ५ ते २० पीपीएम (दशलक्ष भागांतील भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या दरम्यान असताना माझी कोरल सर्वांत फुललेली असतात. स्किमर रात्रंदिवस चालवून नायट्रेट शून्यावर आणले, तेव्हा मशरूम आकाराने घटले. आता तो दिवसाचे काही तासच चालतो. वेगळे अन्न मी घालत नाही. ‘हे दिवसभर खातं तरी काय?’ असे आई अजूनही विचारते. माशांना टाकलेल्या दाण्यांचा चुरा आणि निळा उजेड, हे उत्तर काही तिला पटलेले नाही. क्षारीयता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आठ-नऊ डीकेएच या एककात आणि कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर ठेवायला नियमित पाणीबदल पुरतो.

दिव्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, लेदर कोरलसाठी १०० ते १५० आणि मशरूमसाठी ५० पार (कोरलना वापरता येणाऱ्या प्रकाशाचे माप) पुरेसा आहे, आणि तो मध्यम किमतीचा निळ्या-पांढऱ्या रंगाचा एलईडी सहज देतो. नवीन कोरल पहिले काही दिवस खाली सावलीत ठेवून मग वर न्यावे. प्रवाह थेट अंगावर नको. काचेवर आदळून परतणारा, दिशा बदलणारा हवा. क्लाउनफिश हॅचरीत वाढलेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडेच विकसित केले आहे. आमच्या जोडीने टोडस्टूललाच घर मानले. सुरुवातीला त्यांच्या लोळण्याने पॉलिप मिटत. आता ते कोरल या जोडीला सरावले आहे.

टोडस्टूल वाढून शेजारच्या सिन्युलेरियावर सावली पाडू लागले तेव्हा त्याच्या टोपीची एक कड कापली. कापताना भरपूर चिकट स्राव येतो आणि त्यामुळे सुपरग्लू त्याला धरत नाही. तुकडा बारीक खड्यांसह छोट्या वाटीत ठेवून वर जाळीचे कापड रबरबँडने बांधले, की दोन आठवड्यांच्या आत तो स्वतःच खड्याला चिकटतो. असे तुकडे इंदिरानगर आणि सातपूरच्या दोन मित्रांकडे वाढत आहेत. मला सध्या सर्वांत जाचणारी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यातील रोजची पाणीभरणी. चार दिवस गावाला जायचे म्हटले तरी शेजाऱ्यांना किल्ली आणि मोजलेल्या बाटल्या देऊन जावे लागते. त्यामुळे या मार्चआधी उडालेले पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप बसवणार आहे, आणि नवीन टँक घेणाऱ्याने तो पहिल्याच यादीत, महागड्या दिव्याच्या आधी लिहावा.