फियाटला जिप्सीचे इंजिन: पैसे गेले आणि मूळ इंजिनही गेले

माझ्या मामांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी, जिला घरात आणि गॅरेजमध्ये सगळे फियाटच म्हणतात, ऑइल खाऊ लागली आणि घाटात धूर सोडू लागली, तेव्हा तिच्या 1089 सीसी इंजिनाला बोअरिंग करून (झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कोरून) ओव्हरसाइज पिस्टन टाकणे एवढेच काम होते. पुण्यातील एका गॅरेजमालकाने मात्र मामांना सांगितले की, फियाटचे भाग आता मिळत नाहीत आणि मिळाले तरी ते बनावट असतात, त्यापेक्षा मारुती जिप्सीचे 1.3 लिटरचे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे, इंजिन बसवून घ्यावे. सुमारे 40 अश्वशक्तीच्या जागी 80 मिळेल आणि पाचवा गिअरही मिळेल. कागदपत्रांचा विषय निघाला तेव्हा, "आरटीओचं माझ्याकडे लागलं काका, तुम्ही फक्त गाडी सोडा," असे म्हणून त्याने तो तिथेच मिटवला.

त्याच्या बोलण्यातील यांत्रिक भाग खोटा नव्हता, आणि म्हणूनच बाकीचेही खरे वाटले. दोन्ही गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. जिप्सीचा ट्रान्स्फर केस (ताकद चारही चाकांना वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सपासून वेगळा असल्यामुळे तो वगळून गिअरबॉक्सला मागच्या चाकांकडे ताकद नेणारा योग्य लांबीचा प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो. माउंटिंग, म्हणजे इंजिन धरणारे आधार, नव्याने करावी लागतात, रेडिएटर मोठा लागतो, एमपीएफआय असेल तर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक), सेन्सर, त्यांचे वायरिंग आणि जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप हे सर्व सोबत यावे लागते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीची ताकद दुप्पट करताना ब्रेकचे काय करणार, याचा मात्र त्याच्या अंदाजपत्रकात उल्लेखही नव्हता.

गाडी परत आली ती चांगली पळत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बॉनेट उघडल्यावर समोर कार्ब्युरेटर होता. ईसीयू नाही, सेन्सर नाहीत, इलेक्ट्रिक पंपही नाही. म्हणजे 80 अश्वशक्तीच्या एमपीएफआयचे पैसे घेऊन त्याआधीचे कमी ताकदीचे इंजिन बसवले होते. जाब विचारला असता त्याने बिलाकडे बोट दाखवले. बिलावर "जिप्सी 1.3 इंजिन, जुने, एक नग" एवढेच लिहिलेले होते. त्यावर इंजिन नंबर नव्हता आणि ते इंजिन कोणत्या गाडीतून निघाले याचा कोणताही मागमूस नव्हता.

खरा प्रकार पासिंगच्या वेळी उघड झाला. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्या वेळी चासी नंबर व इंजिन नंबर आरसी बुकशी ताडून पाहतात. मोटार वाहन निरीक्षकांनी इंजिनावरचा नंबर पाहिला, तो आरसीशी जुळत होता, आणि नेमके तेच संशयास्पद होते, कारण ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, उघडच जिप्सीचा होता. मूळ नंबर ग्राइंडरने घासून त्या जागी फियाटचा नंबर हाताने पंच केला होता. अक्षरांची खोली कमी-जास्त होती आणि ओळही सरळ नव्हती. "माझ्याकडे लागलं" याचा अर्थ हा होता. नंबर खोडलेले इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते, त्यामुळे प्रश्न एका नामंजूर पासिंगपुरता उरला नाही.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेची ही तरतूद मालकासाठी आहे, हे गॅरेजवाल्याला पक्के ठाऊक असते. अपघात झाल्यास विमा कंपनीही पॉलिसीवरील इंजिन आणि गाडीतील इंजिन वेगळे असल्याचे कारण पुढे करू शकते.

जुन्याच प्रकारचे इंजिन पुन्हा बसवून गाडी मूळ स्वरूपात आणावी, असे ठरले, तेव्हा गॅरेजमालकाने मूळ इंजिन भंगारात गेल्याचे सांगितले. पुढे जुन्या फियाट दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांकडे विक्रीसाठी आलेल्या इंजिनाचे छायाचित्र मी पाहिले. त्यावरील नंबर आमच्या आरसी बुकातलाच होता. माझ्या मते त्याची खरी कमाई इथेच होती. मूळ स्थितीतील फियाट जपणाऱ्या लोकांना खऱ्या 1089 सीसी ब्लॉकसाठी चांगले पैसे मोजावे लागतात, आणि तो ब्लॉक त्याला मामांकडून फुकट मिळाला होता. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, परंतु चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. या गाडीला ती संधी 2028 मध्ये मिळाली असती.

जुने इंजिन उतरवले की ते त्याच दिवशी घरी आणावे, किमान नंबरसह त्याचे छायाचित्र आणि गॅरेजची सही असलेली पोच घ्यावी. येणाऱ्या इंजिनाच्या बिलावर त्याचा नंबर आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागावा. काम सुरू होण्यापूर्वी आरटीओची लेखी परवानगी दाखवता येत नसेल, तर गाडी गॅरेजमध्ये ठेवू नये. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली असून जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे, ज्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल, व्हॉट्सअॅपवरील अंदाजपत्रक आणि विक्रीच्या त्या छायाचित्राची प्रत असे सर्व पुरावे आम्ही दोन्हीकडे जोडले आहेत.