‘कंपॅशनेट पोस्टिंग करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कंपॅशनेट पोस्टिंगसाठी, म्हणजे घरच्या अडचणीमुळे जवानाला मिळणाऱ्या घराजवळच्या बदलीसाठी, फौजेत एक रुपयाही लागत नाही. अर्जाला नाही, फाइलला नाही, मेडिकल बोर्डालाही नाही. बदली करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तो ठगच समजा, मग तो स्वतःला माजी सैनिक म्हणवत असो की भरतीची अकॅडमी चालवत असो. आमचे 70,000 रुपये गेले. त्याहून मोठं नुकसान झालं ते वेळेचं. ज्या फौजी घरात मूल दिव्यांग आहे किंवा कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरातल्या बायकांनी हे जरूर वाचावं. असली माणसं नेमकी आपल्यालाच हेरतात.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका पलटणीत नायक आहेत. पलटण फील्डला, तिथं फॅमिली नेता येत नाही. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चार वर्षांचा झाला, मान धरतो, आधाराने बसतो, पण उभं करायला गेलं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. अशा मुलांची फिजिओथेरपी चुकली की स्नायू आखडत जातात, आणि फार आखडले की ऑपरेशनची पाळी येते. त्याला कडेवर घेऊन एसटीने साताऱ्याला जायचं, परत यायचं, थोरलीची शाळा बघायची. आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. यांना वर्षाला 60 दिवस सालाना आणि 30 दिवस कॅज्युअल सुट्टी मिळते, तीही पलटणीची गरज बघून. नोकरी सोडून यावं तर सर्व्हिस 11 वर्षं, आणि पेन्शनला 15 लागतात. म्हणजे बदली हाच एक मार्ग होता.

तो माणूस मला कॅन्टीनच्या रांगेत भेटला. मुलाकडे बघून त्यानेच विषय काढला. “वहिनी, दादा कुठल्या पलटणीत? फील्डला आहेत का? मग कंपॅशनेटवर आणायचं की पुण्याला, आपला माणूस आहे रेकॉर्डला.” बोलणं सगळं फौजी घरातलं. पलटणी कुठं कुठं आहेत, ईआरई (पलटणीबाहेरची नेमणूक) म्हणजे काय, जवानांच्या नोंदी आणि बदल्या बघणारं मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, सगळं त्याला पाठ. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर साहेब लोकांबरोबरचे फोटो. बाहेर बाकड्यावर आमच्यासारख्याच आणखी बायका बसलेल्या. त्यांच्याकडे बघूनच माझा विश्वास बसला, कारण इतक्या घरांना एकजण फसवेल असं कुणाच्या मनात येत नाही.

आधी 15,000 रोख, फाइल उघडायला. मग एक फोन आला, पलीकडे हिंदीत बोलणारा, स्वतःला रेकॉर्डचा हवालदार क्लार्क म्हणवणारा. “मॅडम, आपकी फाइल टेबल पर है, साहब का साइन बाकी है.” नंबर कुणाचा ते दाखवणाऱ्या ॲपवर नावही ‘आर्मी रेकॉर्ड’ असंच आलं. असं नाव कुणालाही टाकता येतं, हे मला नंतर कळलं. त्यानंतर 35,000 यूपीआयने, तेही तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर. शेवटी 20,000 ‘पुण्याच्या मेडिकल बोर्डासाठी’. माझ्या मुलाचं 75 टक्के दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड तेव्हा घरात होतं, सातारच्या सिव्हिलमध्ये तपासणी करून एक पैसा न देता मिळालेलं. तो म्हणाला, हे सिव्हिलचं कार्ड मिलिट्रीत चालत नाही. हे धादांत खोटं होतं. सरकारी प्रमाणपत्र अर्जाला जोडतात, आणि लागलं तर मिलिटरी हॉस्पिटल स्वतः मुलाला तपासतं, तेही मोफत.

पण या सगळ्यात त्याचं सर्वांत घातक वाक्य वेगळंच होतं. “दादांना सांगा, युनिटमध्ये अर्ज टाकू नका. दोन फाइली झाल्या की दोन्ही रिजेक्ट होतात.” कंपनी कमांडरकडे अर्ज द्यायचं यांनी ठरवलेलं होतं. या एका वाक्यामुळे तो अर्ज लिहिलेला तसाच ट्रंकेत राहिला. खरी वाट बंद करून ठेवल्याशिवाय त्याची खोटी वाट चालली नसती. त्या काळात मुलाचा उजवा पाय आणखी आखडला. पैसे पुन्हा मिळवता येतील, पण ते महिने मुलाला कोण परत देणार? म्हणून म्हणते, कुणी ‘युनिटला कळवू नका’ म्हणाला की तिथेच त्याला ओळखा.

बिंग फोडलं ते आबांनी. व्हॉट्सॲपवर पोस्टिंगचं पत्र आलं. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही. आबा स्वतः फौजेतून नायक म्हणून रिटायर झालेले. चष्मा लावून त्यांनी आधी नंबर वाचला. फौजेत प्रत्येक जवानाच्या नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, आकड्यांवरून ठरणारं. पत्रात नुसते आकडे होते, अक्षरच नव्हतं. आबा म्हणाले, “रेकॉर्डवाला सगळं चुकवेल, नंबर चुकवणार नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही ते पत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथले कल्याण संघटक पत्राकडे नीट बघायच्या आधीच म्हणाले, “ताई, पोस्टिंग ऑर्डर घरी येत नाही, युनिटला जाते. हे खोटं आहे.”

मी त्या माणसाला फोन केला तेव्हा त्याचा सूर बदलला. “तक्रार करा की. पैसे देऊन पोस्टिंग घ्यायला निघाले होते म्हणून तुमच्या नवऱ्यालाच रेड एन्ट्री लागेल.” रेड एन्ट्री म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईने होणारी शिक्षेची नोंद. फौजेत बाहेरून वशिला लावणं शिस्तीविरुद्ध आहे, हे खरं. तो नेमका याच भीतीवर जगतो. बाकड्यावरच्या त्या बायका आजवर गप्प का राहिल्या, ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही उलट केलं. यांनी जाऊन कंपनी कमांडर साहेबांना सगळं खरं सांगितलं, चॅट दाखवलं, पत्र दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मूल असं आहे तर आधीच का आला नाहीस? त्याच आठवड्यात अर्ज सीओ साहेबांकडे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांकडे, गेला. यांना कसलीही शिक्षा झाली नाही.

खरी पद्धत अशी आहे. अर्ज जवानाने स्वतः करायचा, कंपनीतून सीओकडे आणि तिथून रेकॉर्डला. सोबत मुलाचे उपचाराचे कागद, दिव्यांग प्रमाणपत्र, घरात दुसरं बघणारं कुणी नाही याचा तपशील. घरच्या परिस्थितीची खातरजमा युनिट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून करून घेऊ शकतं, म्हणून बायकोने तिथं आधीच जाऊन भेटलेलं चांगलं. जागा आणि पलटणीची गरज बघून निर्णय होतो. नाहीही म्हणू शकतात, थांबावंही लागतं, आणि मिळाली तरी ती ठरावीक मुदतीचीच असते. कुणीही ‘शंभर टक्के’ म्हणू शकत नाही.

आणि बदली हा एकच उपाय नाही, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा फील्डला असताना फॅमिलीला छावणीत सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मागता येतं. मिळालं तर मिलिटरी हॉस्पिटल जवळ येतं, आणि विशेष मुलांसाठीच्या ‘आशा’ शाळा काही छावण्यांमध्ये आहेत, तिथं मुलाला घालता येतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. यातल्या कशालाही मध्यस्थ लागत नाही. मी आता क्वार्टरचाही अर्ज दिला आहे.

ज्यांनी कालपरवाच पैसे भरलेत त्यांनी हे वाचणं थांबवून आधी 1930 ला फोन करावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. आमच्या 35,000 च्या बाबतीत फार दिवस उलटून गेले होते. चॅट, कॉल रेकॉर्डिंग, यूपीआयचा नंबर, काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात त्याला ब्लॉकही करू नका.

आणखी एक. त्याने यांच्या आयकार्डचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि पलटणीचं ठिकाण मागून घेतलं होतं. जवानांच्या आयकार्डचे फोटो दाखवून, ‘मी आर्मीत आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात विकतोय’ म्हणत लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. म्हणून आम्ही आयकार्डचं युनिटला लेखी कळवलं आणि पोलीस तक्रारीतही लिहून घेतलं. तुमच्याकडून असा फोटो गेला असेल तर तुम्हीही हे करा.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली दाखल झाला आहे. रोख दिलेल्या पैशांना आमच्याकडे पावती नाही. तपास अधिकारी म्हणाले, आणखी दोन-तीन घरांचे जबाब आले तर रोख रकमेचाही छडा लागेल आणि केस भक्कम होईल. खटाव, माण, कोरेगाव भागातल्या ज्या घरांकडून ‘पुण्याला आणतो’ म्हणून पैसे घेतले गेलेत, त्यांनी आपापल्या पोलीस ठाण्यात जबाब द्यावा. एकटीने जायची भीती वाटत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी सांगा, तिथले लोक सोबत येतात. आमच्यासोबत आले होते.