मोतमाउलीच्या जत्रेतला मेणाचा स्टॉल
वांद्र्याच्या जत्रेत चर्चच्या रस्त्याला हा स्टॉल लागतो, हात, पाय, घर, बाळ नवसाला वाहायचं सगळं मेणाचं मिळतं, आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी पाय घेतला तर साच्यातली नखंसुद्धा एकदम क्लिअर. भाव मात्र करावाच लागतो हां. स्टॉलवाल्या आंटी भारी बोलतात, म्हणे 8 सप्टेंबर हा मोतमाउलीचा, म्हणजे येशूची आई मारिया हिचा जन्मदिवस, चर्च जन्मदिवसाचा सण तिघांचाच करतं, येशू, मारिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान, बाकी संतांचा सण बहुतेक मरणाच्या दिवशी. येशू सूर्य तर ती त्याच्या आधीची पहाट, म्हणून पहिले थँक्यू म्हणायचं, मागणं नंतर. आपण तर डायरेक्ट नवसच बोलतो! रविवारी जाऊ नका, चेंगराचेंगरी असते. सुट्ट्या पैशांची बोंब, म्हणून चार स्टार.