नावं खोडली, पण माहिती निनावी झाली का? अमेरिकी आणि युरोपीय निकष

रुग्णांच्या नोंदी संशोधनासाठी बाहेर द्यायच्या आहेत. नावं काढली, फोन नंबर काढले. एवढं पुरेसं आहे का, हे कुठला कायदा लागू होतो त्यावर ठरतं.

अमेरिकेचा आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, हिपा, दोन वाटा देतो. पहिली 'सेफ हार्बर': यादीतले 18 प्रकारचे तपशील काढायचे. तारखांपैकी फक्त वर्ष ठेवायचं, 89 वर्षांपुढचे सगळे '90 किंवा अधिक' या एकाच गटात टाकायचे, झिप कोडचे (तिथल्या पिन कोडचे) पहिले तीनच आकडे ठेवायचे आणि तेही त्या भागात 20,000 हून जास्त लोक राहत असतील तरच. जन्मतारीख, लिंग आणि पूर्ण झिप कोड एवढ्यावरून 87 टक्के अमेरिकी लोक वेगळे ओळखू येऊ शकतात, असा अंदाज गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी 1990 च्या जनगणनेवरून मांडला होता. पुढे एका फेरहिशेबात तो 63 टक्क्यांवर आला. तोही काही कमी नाही! यादी हातात असली की काम झटपट उरकतं, पण आजाराचं नाव या 18 मध्ये नाही, आणि दुर्मीळ आजारच कधी कधी माणसाचा पत्ता देतो.

दुसरी वाट तज्ज्ञाची. ओळख पटण्याचा धोका 'अत्यंत कमी' आहे, हे त्याने कारणांसह नोंदवायचं. खर्चिक आहे, पण तारखा शाबूत राहू शकतात. उपचारांचा क्रम अभ्यासायचा असेल तर मी हीच वाट धरेन.

युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात अशी यादीच नाही. खर्च, वेळ आणि उपलब्ध तंत्रज्ञान पाहता कुणी वाजवीपणे वापरेल अशा साधनांनी ओळख पटते का, एवढाच प्रश्न. 2014 मध्ये तिथल्या नियामकांच्या कार्यगटाने त्याची फोड केली: एकटा माणूस वेगळा काढता येतो का, दोन नोंदी जोडता येतात का, त्याच्याबद्दल नवं काही ताडता येतं का? नावाऐवजी क्रमांक टाकून किल्ली, म्हणजे कुठला क्रमांक कुणाचा याची नोंद, स्वतःच्या कपाटात ठेवली, तर तुमच्यासाठी ती वैयक्तिक माहितीच राहते. ज्याला किल्ली मिळूच शकत नाही त्याच्यासाठी चित्र वेगळं असू शकतं, असं युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये म्हटलं. तरी देणाऱ्याची जबाबदारी त्याने सुटत नाही.

माहिती फक्त अमेरिकेत वापरायची असेल तर सेफ हार्बरपासून सुरुवात करा. युरोपातल्या रुग्णांच्या नोंदी असतील तर ती यादी बाजूला ठेवून हे तीन प्रश्न आधी सोडवा. आणि दोन्हीकडे, डॉक्टरांच्या शेऱ्यांचा रकाना सगळ्यात आधी उघडून पाहा. 'रुग्ण शहराचे माजी महापौर' असं काहीतरी तिथेच सापडतं.